घडी मोडायची आहे

आमच्या देवासच्या घरात भिंतीवर असायचं ते घड्याळ आणि मनगटावर असायची ती घडी. हा भेद मला कुणी मुद्दाम शिकवला नव्हता. शाळा हिंदी, गल्ली माळवी आणि घर मराठी, तेव्हा शब्द जिथे हाताशी लागेल तिथून उचलायचा आणि कामाला लावायचा, एवढंच मला ठाऊक होतं. धारची आत्या मात्र कानांवर हात ठेवायची. ती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन धारला गेली आणि तिथल्या कन्याशाळेत शिकवू लागली. तिचं मराठी इतकं जुन्या वळणाचं होतं, की तिच्याशी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवून घ्यायची. "घडी काय म्हणतेस? घड्याळ म्हण! एकदा चाळणीतून काढायला हवी तुझी भाषा, किती खडे निघतील कोण जाणे," असं ती म्हणायची आणि वर मलाच पानातली साटोरी वाढायची. आत्याचं रागावणं असं गोड होऊनच संपायचं, त्यामुळे माझी भाषा काही सुधारली नाही.

ज्या घडीवरून पुढे सगळा गोंधळ झाला ती खरं तर आत्याचीच होती. म्हणजे तिच्या यजमानांची, माझ्या आतोबांची. आत्याच्या नवऱ्याला आतोबा म्हणतात हे मी मागे एकदा पुण्याच्या पाहुण्यांसमोर बोलले, तर ते हसले होते. पण आमच्याकडे अजून तसंच म्हणतात. आतोबांच्या वडिलांची संस्थानी पागेत नोकरी होती. तिथल्या कुणा पोलो खेळणाऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना ती घडी हातातून काढून त्यांना दिली, असं सांगत. खरंखोटं देव जाणे. त्यांच्याकडून ती आतोबांकडे आली. आतोबा अचानक गेले, तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. तेराव्यानंतर आत्यानं ती अण्णांच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "माझ्यापाशी राहिली तर मी दिवसभर तिच्याकडेच बघत बसेन. तू ने. रोज किल्ली देत जा, बंद पडू देऊ नकोस." अण्णांनी हे इतकं मनावर घेतलं की त्यांनी रोज किल्ली दिली आणि ती हातात मात्र एकदाही घातली नाही. ताईची वस्तू, आपल्याकडे फक्त सांभाळायला आहे, असं त्यांचं ठाम म्हणणं होतं.

आता ती घडी कशी होती ते सांगायला हवं, कारण ती न पाहिलेल्याला अण्णांचं वागणं वेडेपणाचं वाटेल. अण्णा हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, आणि माणसांपेक्षा रेषांशी त्यांचं जास्त जमायचं. ती घडी गोल नव्हती, उभट चौकोनी होती. चौकट फिक्या सोन्याची. तबकडीच्या वर आणि खाली तीन-तीन बारीक आडव्या खाचा, इतक्या सरळ की बोटानं चाचपल्याशिवाय त्या कोरलेल्या आहेत हे कळू नये. तबकडी एके काळी पांढरी असणार. मी पाहिली तेव्हा तिला सायीचा रंग आला होता. आकडे सडपातळ, काटे निळे. हा निळा रंग लावलेला नव्हे, पोलाद तापवून आणलेला, असं अण्णा सांगायचे. उजेडात काटे काळे दिसत आणि हात जरा कलता केला की एकदम निळे व्हायचे. पण खरी गंमत वेगळीच होती. तबकडीची आतली पेटी अंगठ्यानं बाजूला सरकवली की ती चौकटीतून अर्धी बाहेर यायची, मग उलटी फिरवायची आणि परत आत सरकवायची. टक्. काच आत, पाठ बाहेर. पोलो खेळताना चेंडू लागून काच फुटू नये म्हणून केलेली ही युक्ती. पाठीवर काहीसुद्धा नव्हतं, नुसतं गुळगुळीत सोनं. साहेबानं नाव कोरलं नाही, आतोबांच्या वडिलांनी नाही, आतोबांनीही नाही. अण्णा म्हणायचे, "बघ मंजू, पाठही पोटाइतकीच मन लावून केली आहे. एरवी पैसेवाल्याचं घड्याळ दहा माणसांना हाका मारतं. ही श्रीमंती मात्र पाठ करून बसली आहे." हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं होतं, की घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते एकदा तरी ऐकावं लागायचं.

रोज सकाळी पोहे फोडणीला पडले की अण्णा कपाटातून घडी काढत. ओट्याजवळच्या खिडकीपाशी उभं राहून हळूहळू किल्ली देत, आणि पोह्यांवर जिरावणाचा मसाला भुरभुरायच्या आधी घडी माझ्यापुढे धरत. उलटी करून परत सुलटी करायचा मान माझा. त्या टक्कन वाजणाऱ्या आवाजासाठी मी लवकर उठायची, देवाशपथ. अकरावी झाली, इंदूरच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं, तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. ही घडी हातात घालून कॉलेजात जायचं. मागायची हिंमत नव्हती. जी घडी अण्णा स्वतः घालत नाहीत ती मला कशी देतील? पण रिकाम्या मनगटाकडे बघून वेळ सांगायची मला सवय लागली होती, आणि आई त्यावरून मला चिडवायची.

त्या दिवसांत आई सोनकच्छला मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. ती घरी असती तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. घरात अण्णा आणि मी, आणि रोज रात्री खाली लागलेली खिचडी. अशाच एका दुपारी धारच्या बसवरचा कंडक्टर रामेश्वरभिया दारात उभा राहिला. आत्याचे निरोप आणि डबे नेहमी त्याच्याच हाती यायचे. त्यानं डबा माझ्याकडे दिला, घाम पुसला आणि अण्णांना म्हणाला,

"मास्साब, आत्याजी ने कहलवाया है, घड़ी मोड़नी है। छोरी को लेके आजो। इसी इतवार को।"

अण्णा दारातच थांबले. "काय करायची आहे?"

"मोड़नी है, मोड़नी! अपन को तो जो बोला वो बता दिया भिया।" मग जाता जाता त्यानं स्वतःची अक्कलही चालवली. "वो आपकी घड़ी उल्टी-सुल्टी होती है ना? अटक गई होगी। मोड़ के दिखा देना।"

वाचणाऱ्या बायका एव्हाना हसायला लागल्या असतील. हसा खुशाल. पण आमच्या घरात घडी म्हणजे एकच होती, ती कपाटात टिकटिकत होती, आणि सोन्याची वस्तू मोडायची म्हणजे काय करायचं हे अण्णांना चांगलं माहीत होतं. पाटल्या मोडतात, गोफ मोडतात. सोनाराकडे नेऊन वितळवून टाकतात. अण्णा खाटेवर बसले आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "तिला काही अडचण असणार. एवढी मानी बाई, तोंडानं सांगायची नाही." मी म्हटलं, "मग आपण देऊ या ना जे हवं ते. घडी कशाला मोडायची?" माझा आवाज रडवेला झाला होता. अण्णांनी मान हलवली. "तिची वस्तू आहे, मंजू. ठेव म्हणाली, ठेवली. आता आण म्हणाली तर न्यायची. तिथे गेल्यावर तोंड उघडायचं नाही. कळलं?" डब्यात आत्यानं बेसनाचे लाडू पाठवले होते. जी बाई सोनं मोडायला निघाली आहे ती इतकं तूप घालून लाडू कशाला वळेल, हा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. लाडू मात्र आम्ही दुःखातही संपवले.

शनिवारी अण्णांनी जाड कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि घडीचं चित्र काढायला बसले. आधी पोट, मग पाठ. पोटाचं चित्र लवकर झालं. पाठीवर काढण्यासारखं काही नव्हतं, तरी तिच्यापाशीच ते जास्त वेळ रेंगाळले. गुळगुळीत सोन्यावर खिडकीचा उजेड कसा पडतो ते त्यांना हवं होतं. मी शेजारी बसून रबर धरून होते, पण त्यांनी तो एकदाही मागितला नाही. ते चित्र आज माझ्या खोलीत लावलेलं आहे. येणाऱ्याला वाटतं एखाद्या दाराचं आहे.

रविवारी पहाटेच्या बसनं निघालो. इंदूरला बस बदलली आणि घाटा गावाच्या पलीकडे नेहमीचं धार दिसू लागलं. एरवी अण्णा बसमध्ये बोलके असतात, कंडक्टरपासून शेजारच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या चौकश्या करतात. त्या दिवशी ते खिशावर हात ठेवून फक्त तिकिटापुरतं बोलले. घडी रुमालात गुंडाळून खिशात होती. मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. आत्या, ही घडी मोडू नकोस, मी शिकवण्या करीन, असं काहीतरी. तोंड उघडायचं नाही हे अण्णांनी बजावलं होतं, पण ते त्यांच्यापुरतं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

आत्याचं घर तलावाकडच्या उतारावर होतं, दोन खोल्या आणि पुढे ओटा. आम्ही पोचलो तेव्हा आत भुट्ट्याचा कीस शिजत होता, दुधाचा आणि हिरव्या मिरचीचा वास ओट्यापर्यंत आला होता. आत्या नेहमीप्रमाणे बिनरंगाच्या सुती पातळात होती. आतोबा गेल्यापासून मी तिला दुसऱ्या कशात पाहिलं नव्हतं. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आलीस? बरं केलंस. आधी खाऊन घ्या, मग घडी मोडू." अण्णा कीस नुसता चिवडत राहिले. शेवटी त्यांनी ताट बाजूला सारलं, खिशातून रुमाल काढला आणि तिच्यापुढे उघडून ठेवला.

"ताई, घे. रोज किल्ली दिली आहे, एक दिवस चुकलो नाही. पण अडचण होती तर मला एका शब्दानं सांगायचं होतंस गं. सोनाराच्या भट्टीत घालायची ही वस्तू आहे का?"

आत्या रुमालाकडे बघत राहिली. "सोनार? कसला सोनार? आणि घड्याळ कशाला आणलंस?"

"तूच ना सांगितलंस रामेश्वरजवळ? घडी मोडायची आहे म्हणून?"

आत्यानं आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिनं पदर तोंडाला लावला, आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. चुलीवर कीस लागायला आला, तो मी उतरवला. "अरे सदू," ती डोळे पुसत म्हणाली, "लुगड्याची घडी रे, लुगड्याची! देवासच्या पाण्यानं सगळं मराठी धुऊन गेलं की काय तुझं?" आणि मग दोघं बहीणभाऊ असे हसले, की समोरच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी नुसती बघत होते. माझं भाषण वाया गेलं होतं, पण घडी वाचली होती.

हसणं ओसरल्यावर आत्यानं ट्रंकेतून एक पुडकं काढलं. मलमलच्या फडक्यात अंजिरी रंगाचं माहेश्वरी लुगडं होतं, काठ जरीचा. आतोबांनी महेश्वरहून आणलेलं, ते गेले त्याच्या थोडंच आधी. तिनं ते एकदाही नेसलं नव्हतं. आमच्यात नवं लुगडं पहिल्यांदा नेसणं म्हणजे त्याची घडी मोडणं, आणि ती घडी पुष्कळदा आपण स्वतः मोडत नाही. जिच्यावर आपला जीव आहे अशा बाईला किंवा मुलीला आधी नेसायला देतात. आत्यानं एक पदर उजेडात धरून मला दाखवला. घडीच्या रेघेवर धागे विरले होते, पलीकडची खिडकी दिसत होती.

"ठेवलं म्हणून टिकलं असं नाही गं," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "नेसलं तरी विरणार, ठेवलं तरी विरणार. मग नेसून विरू दे. पण कोरं करकरीत लुगडं अंगावर घालून मी या ओट्यावर उभी राहिले, तर समोरून चार तोंडं उघडतील. माझंसुद्धा मन होत नाही. तू घडी मोड. एकदा तू नेसलीस की ते नवं राहत नाही. मग वापरलेलं लुगडं मी नेसले तर कोण काय बोलणार? मीसुद्धा स्वतःला काही बोलू शकणार नाही."

अण्णा उठून ओट्यावर गेले. त्यांना तलाव बघायचा होता म्हणे.

आत्यानं मला लुगडं नेसवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा नेसत होते, त्यामुळे निऱ्या धरून चालायचं की श्वास घ्यायचा, यातलं एकच काहीतरी जमत होतं. मग तिनं रुमालातली घडी उचलली. अंगठ्यानं पेटी सरकवली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. टक्. आतोबांच्या हातात हा आवाज तिनं किती वेळा ऐकला असेल, ते तिच्या तोंडावर मला दिसलं आणि मी दुसरीकडे बघू लागले. तिनं ओट्याकडे वळून विचारलं, "सदू, तू ही घालतोस की नाही?"

"छे! ती तुझी आहे."

"इतकी वर्षं किल्ली देतोस आणि घातली नाहीस? आणि मला वाटत होतं मीच एकटी वेडी." तिनं माझा हात ओढला आणि पट्टा माझ्या मनगटाला बांधला. शेवटच्या भोकातही तो सैलच होता. "तुमच्या हिंदीत हीसुद्धा घडीच ना? मग मोड हिचीही घडी, चल."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी अंजिरी माहेश्वरीत आणि सोन्याच्या घडीत धारभर मिरवले. आत्यानं मला देवळात नेलं, समोरच्या काकूंच्या पाया पडायला लावलं, आणि शेव आणायच्या निमित्तानं बाजारातसुद्धा पाठवलं. दर चार पावलांनी मी वेळ बघत होते. किती वाजले ते मात्र एकदाही कळलं नाही, कारण माझं लक्ष त्या निळ्या काट्यांकडेच होतं. दिवेलागणीला तिनं लुगडं सोडवून घेतलं आणि हात पुढे केला. घडीही परत. मी हिरमुसले. इतका वेळ मला वाटत होतं की ती आता माझीच झाली. आत्यानं ती अण्णांच्या हाती दिली. "घे. आता नवी नाही, ठेवीतलीही नाही. मंजूनं वापरलेली आहे. उद्यापासून घालायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसला निघालो, तेव्हा आत्या अंजिरी लुगडं नेसून ओट्यावर आली. समोरच्या काकूंनी विचारलंच, "नवं वाटतं?" आत्या अगदी सहज म्हणाली, "नाही हो, नेसलेलं आहे. भाचीनं घडी मोडली ना काल." अण्णांनी मनगट पुढे करून, गरज नसताना, मोठ्यानं वेळ सांगितली. तोपर्यंत आत्याला मी नेहमी म्हातारी समजत होते. त्या रंगात ती किती तरुण दिसते हे मला त्या सकाळी कळलं, आणि मला आतोबांचा उगाचच राग आला.

अण्णांनी ती घडी पुढे सगळा जन्म घातली. वर्गात फळ्याकडे वळण्याआधी ते ती उलटी करत, खडूची धूळ काचेवर बसू नये म्हणून. पोलोसाठी केलेली युक्ती देवासच्या शाळेत अशी उपयोगी पडली. नखांचे, फळ्याच्या कडेचे बारीक ओरखडे त्या कोऱ्या पाठीवर साठत गेले. आत्या देवासला आली की भिंतीवर घड्याळ असूनही किती वाजले ते अण्णांनाच विचारायची, आणि "घडीत बघून सांग" म्हणायची. तिनं अखेर आमचा शब्द उचलला होता.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. अण्णा भरल्या वयात, गेल्या चैत्रात गेले. घडी माझ्याकडे आली. मी नवा पट्टा लावून घेतला, आणि तेव्हापासून रोज सकाळी पोहे फोडणीला टाकले की तिला किल्ली देते. घातली मात्र नाही. हात पुढे करते आणि परत कपाटात ठेवते. अण्णांची वस्तू, असं मनात येतं. हे प्रकरण लिहायला बसले आणि इथवर आल्यावर माझं मलाच हसू आलं. मी उठले आणि नातीला हाक मारली.

"सई, इकडे ये गं. घडी मोडायची आहे."

सईला मराठी समजतं, वाचताना मात्र ती अडखळते. ती मोबाईल ठेवून आली. "मोड़नी है? आज्जी, वो तो मुझे आता है." आणि मी काही म्हणायच्या आत तिनं अंगठ्यानं पेटी सरकवली, उलटी केली, आत ढकलली. टक्. अण्णांच्या ओरखड्यांनी भरलेली पाठ वर आली. रामेश्वरभियानं सांगितलेला अर्थ शेवटी कुणाला तरी कळला होता.

"अशीच घाल," मी म्हटलं, आणि पट्टा तिच्या मनगटाला बांधला. "पण संध्याकाळी परत द्यायची."

"क्यों? मला देऊन टाक ना."

"देईन गं, तुलाच देईन," मी म्हटलं. "पण आधी मला घालायची आहे."